घाटीचं नाव कटऑफवर मोजायचं का?

खामकाठ

सध्या प्रवेशाचे दिवस आहेत. पालकांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच यादी फिरतेय, गेल्या वर्षी कुठलं सरकारी मेडिकल कॉलेज किती मार्कांवर बंद झालं त्याची. वरचं ते चांगलं, खालचं ते डावं, एवढाच हिशोब. घाटी, म्हणजे औरंगाबादचं सरकारी मेडिकल कॉलेज आणि रुग्णालय, त्या यादीत मुंबई-पुण्याच्या खाली दिसते आणि मग "मुंबईला नंबर लागत असताना पोरीला घाटीत कशाला घालायचं?" असं मराठवाड्यातलेच आईबाप विचारतात. माझ्या बहिणीच्या घरी हेच चाललंय. मला ते लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे कॉलेज कधी आणि कशातून उभं राहिलं ते बघा. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. पुण्याचं बी. जे. कॉलेज म्हणून १९४६ ला सुरू झालं, त्याची वैद्यक शाळा तर कितीतरी जुनी. नागपूरचं १९४७ चं. मराठवाड्याचं पहिलं मेडिकल कॉलेज औरंगाबादला निघालं ते १९५६ साली, म्हणजे ग्रँटनंतर तब्बल १११ वर्षांनी. मधल्या काळात इथे पटकी आली, प्लेग आला, बाळंतपणात बायका गेल्या. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोराला आपल्या राज्यात एकच दार होतं, हैदराबाद.

१९५६ हे सालही साधं नव्हतं. निजामाचं राज्य जाऊन जेमतेम आठ वर्षं झालेली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद असे पाचच जिल्हे, सगळे हैदराबाद राज्यात. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा तिथून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राजधानी बदलली, कायदे बदलले, कारभाराची भाषा बदलली, आणि त्याच धामधुमीत इथे शरीररचनाशास्त्राचे वर्ग भरायला लागले. मराठवाडा विद्यापीठ अजून व्हायचं होतं, ते १९५८ ला झालं. म्हणजे या भागाला स्वतःचं विद्यापीठ मिळायच्या आधी मेडिकल कॉलेज मिळालं. या गोष्टीचा जेवढा अभिमान आपण बाळगायला हवा तेवढा बाळगत नाही.

आणखी एक धागा सहसा कुणी जोडत नाही. मेडिकलला जायचं तर आधी इंटर सायन्स पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० ला औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच आपलं मिलिंद महाविद्यालय. त्याच्या परिसरात, नागसेनवनात, विज्ञान शिकायची सोय झाली, वसतिगृह झालं, आणि ज्यांच्या घरात सातवी शिकलेला माणूस नव्हता त्या घरातल्या पोरांना मेडिकलच्या दारापर्यंत जायचा रस्ता तयार झाला. मिलिंद आधी आणि घाटी नंतर, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. नुसतं मेडिकल कॉलेज काढून ठेवलं असतं तर त्यात बाहेरचीच पोरं येऊन शिकून गेली असती.

आता नावाचं. जालना, बीड, परभणी, हिंगोली तर आहेतच. शिवाय बुलढाण्याकडचे, शेवगाव-पाथर्डी-नेवाशाचे, चाळीसगावकडचेही पेशंट घाटीत येतात. मंजूर खाटा ११७७ आणि भरती पेशंट त्याहून जास्त, हे इथलं नेहमीचं चित्र. खेड्यात कुणाचं काही बिघडलं आणि खासगी डॉक्टरने हात टेकले की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "घाटीला हलवा." हे नाव कुठल्या यादीतून आलेलं नाही, ते तीन पिढ्यांच्या आजारपणातून आलेलं आहे.

लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने इथेच एमबीबीएस झाले, अंबाजोगाईच्या कॉलेजात त्यांनी काम केलं, मग जे. जे.त गेले आणि पुढे तिथले अधिष्ठाता झाले. २००८ ला पद्मश्री मिळाली. मुंबईने ज्यांना डोक्यावर घेतलं त्यांचे हात घाटीत तयार झाले होते, हे आपल्या पोरांना कुणी सांगायचं?

इथे शिकलेले, काम केलेले, उपचार घेतलेले बरेच जण आहेत. लिहा. नुसता कटऑफ मात्र नको.

उदगीरचा_परळकर

खामकाठ सर, लेख आवडला, पण मुंबईवर थोडा अन्याय होतोय. पंचवीसेक वर्षं परळला राहतोय, म्हणून लिहितो.

मुंबईच्या कॉलेजांचं नावही कटऑफमधून आलेलं नाही. सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम १९२६ ला निघालं त्यामागची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. त्या काळी वैद्यकीय शिक्षणातल्या वरच्या जागा इंग्रज अधिकाऱ्यांकडे असायच्या. भारतीय डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याला प्राध्यापकाची खुर्ची मिळणं कठीण. म्हणून या कॉलेजसाठी देणगी देताना अट घातली गेली की इथले शिक्षक भारतीयच असतील. डॉ. जीवराज मेहता तिथे अधिष्ठाता होते, तेच पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. आपली माणसं हे काम तितकंच चांगलं करू शकतात हे दाखवून द्यायला ते कॉलेज उभं राहिलं आणि त्यांनी ते करून दाखवलं.

आणि केईएम आहे कुठे? परळला, गिरणगावात. पहिल्यापासून तिथल्या खाटांवर गिरणी कामगार आणि त्यांची बायकापोरं होती. मुंबईच्या मोठमोठ्या डॉक्टरांचे हात त्या पेशंटांवर तयार झाले. तुम्ही घाटीबद्दल जे म्हणताय तेच केईएमबद्दल खरं आहे. तुमचा मुद्दा मला पटतो. मुंबई त्याच्या विरुद्ध बाजूला नाही एवढंच म्हणायचंय.

आजही आमच्याकडे नांदेड-लातूरचे पेशंट येतात. रस्त्यावर भेटले की बोलण्यावरून लगेच कळतं.

जुनं_वैजापूर

माझे वडील हैदराबादला शिकलेले डॉक्टर. खामकाठ यांनी 'एकच दार' लिहिलंय ते दार कसं होतं ते सांगतो.

हैदराबादचं मेडिकल स्कूल १८४६ चं, ग्रँटच्या फक्त एक वर्ष मागे. सुरुवातीला शिकवणं उर्दूतून. मोठी कीर्ती होती त्या जागेची. १८८८ आणि १८८९ ला क्लोरोफॉर्म कमिशन बसली ती तिथेच. भूल देताना पेशंट का दगावतो, श्वास आधी थांबतो की हृदय, यावर डॉ. एडवर्ड लॉरी यांनी शेकडो प्रयोग करून घेतले आणि विलायतेतल्या डॉक्टरांमध्ये त्यावर वाद झडले. रूपाबाई फर्दुनजी याच शाळेत शिकल्या, भूलशास्त्रातल्या जगातल्या पहिल्या काही स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात. तेव्हा हैदराबाद साधंसुधं होतं असं कुणी समजू नये.

पण आमच्या लोकांसाठी तिथे पोचणंच अवघड. उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला सुरू झालं आणि त्याचं शिक्षण उर्दूतून. पुस्तकं उर्दूत आणण्यासाठी खास भाषांतराचं खातं उघडलेलं. घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराने आधी उर्दूत पक्कं व्हायचं, मग शास्त्र शिकायचं. वडिलांना ते जमलं कारण आजोबा तहसिलीत कारकून होते, घरात उर्दू होती. गावातल्या त्यांच्याहून हुशार पोरांना नाही जमलं. वडील हे शेवटपर्यंत बोलून दाखवायचे.

प्रवास मनमाड-काचीगुडा मीटर गेजने, ५०० किलोमीटरहून जास्त. लासूरहून रात्रीच्या गाडीत बसायचं, बरोबर दशम्या, लोणचं आणि वळकटी. परीक्षा आणि लग्न सोडलं तर गावाकडे फेरी नाही.

१९५६ ला औरंगाबादला कॉलेज निघालं तेव्हा वडील वैजापुरात दवाखाना चालवत होते. कॉलेज निघाल्याची बातमी दवाखान्यातल्या प्रत्येक पेशंटला ते स्वतः सांगत होते असं आई सांगायची.

लातूर_पॅटर्न

आमच्याकडं या विषयावर लई घासाघीस झालेली आहे, तेव्हा मी जरा वेगळं सांगायलो.

नवीन पालकांना माहीत नसेल, पण २०२० पर्यंत महाराष्ट्रात ७०:३० होतं. मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग. आपल्या विभागातल्या कॉलेजात ७० टक्के जागा आपल्या पोरांना, ३० टक्के राज्यभरातून. ऐकायला बरं वाटतं. पण मराठवाड्यात कॉलेजं कमी, जागा कमी, आणि लातुरात शाहू-दयानंदला शिकून चांगले मार्क आणणारी पोरं ढिगानं. मग व्हायचं काय, आमच्या पोराला चांगले मार्क असून जागा नाही आणि दुसऱ्या विभागात त्याच्याहून कमी मार्कांवर नंबर. सप्टेंबर २०२० ला तेव्हाचे वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख यांनी हे बंद केलं. त्या दिवशी लातुरात पेढे वाटलेले मी पाहिलेत.

आता राज्याची एकच गुणवत्ता यादी. लातूरची पोरं थेट मुंबई-पुण्याला जायलेत, आणि जाऊ द्या त्यांना, हक्कानं जायलेत. पण एक विचार करा सर. आधी पोराला घाटी नाहीतर अंबाजोगाई मिळायची, ते इथंच शिकायचं, इथंच दवाखाना टाकायचं. आता वरची पोरं जी जायलेत त्यातली किती परत येतील? मी ७०:३० परत आणा म्हणत नाही. अन्यायच होता तो. फक्त पोरगं घाटी निवडायला असेल तर घरच्यांनी त्याला कमीपणा वाटेल असं बोलू नये, एवढंच.

सिस्टर_बेगमपुरा

मी घाटीतून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. कॉलेज कधी निघालं वगैरे मला तुमच्याएवढं सांगता यायचं नाही. पण डॉक्टर कसा तयार होतो ते मी मेडिसीनच्या वॉर्डात उभं राहून पाहिलंय, ते सांगते.

मृग लागला, पेरण्या सुरू झाल्या की सर्पदंश सुरू. पेशंट आला की बरोबर दहा माणसं. पायाला रुमाल नाहीतर सुतळी करकचून आवळलेली, पाय काळानिळा झालेला, जखमेवर हळद नाहीतर पाला. कुणी आधी देवळात नेऊन आलेलं. नवा रेसिडेंट डॉक्टर पहिल्यांदा गोंधळतो. साप कुठला? नातेवाईक म्हणतात, काळा होता, लांब होता. त्याचा उपयोग काही नाही.

मग ती परीक्षा. एक साधी, कोरडी, स्वच्छ काचेची ट्यूब घ्यायची. प्लॅस्टिकची चालत नाही. पेशंटचं २ मिली रक्त तिच्यात घालायचं आणि २० मिनिटं ती ट्यूब हलवायची नाही, तिला हात लावायचा नाही. घड्याळ लावून बसायचं. २० मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. रक्त गोठून घट्ट बसलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं, विष रक्तात भिनलंय, विष उतरवायची लस लगेच सुरू करा. हजार रुपयांची तपासणी नाही, मशीन नाही. पण त्या २० मिनिटांत नातेवाईक दारावर धडका मारत असतात, "इंजेक्शन का देत नाही?" म्हणून ओरडत असतात, आणि बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला किंवा पोरीला शांत उभं राहावं लागतं. ते शांत उभं राहणं पुस्तकात नसतं.

मण्यारचं वेगळं. रात्री खाली सतरंजीवर झोपलेल्या माणसाला चावते, खूण सापडत नाही, सूज नाही, ट्यूबमधलं रक्तही गोठतं. पेशंट नुसता "पोट दुखतंय, घसा आवळतोय" म्हणतो. पापण्या जड झालेल्या दिसल्या की जुनी सिस्टर आणि जुना रेसिडेंट एकमेकांकडे बघतात. मग श्वास जायच्या आत नळी घालायची, व्हेंटिलेटरला जोडेपर्यंत हाताने श्वास द्यायची अंबू बॅग दाबत राहायचं. असा पेशंट दोन-तीन दिवसांनी डोळे उघडून पाणी मागतो.

आणि औषध पिलेले पेशंट. मराठवाड्यात हे सांगितल्याशिवाय घाटीची गोष्ट पुरी होत नाही. फवारणीच्या औषधाचा वास वॉर्डात शिरल्या शिरल्या येतो. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तोंडाला फेस, छातीत घरघर. ॲट्रोपिन द्यायचं, दर काही मिनिटांनी छातीला स्टेथोस्कोप लावायचा, घरघर आहे तोवर डोस वाढवत जायचं. छाती कोरडी झाली की थांबायचं, नाहीतर पेशंट बडबडायला लागतो, कपडे ओढतो. रात्रभर तोच पेशंट, तीच खाट. मी पोरींना त्या खाटेशेजारी स्टुलावर बसून रात्र काढताना पाहिलंय. सकाळी राउंडला मॅडम आल्या की त्याच पोरी उभ्या राहून सगळे आकडे तोंडपाठ सांगायच्या.

पेशंट सुटून गेला की त्याची आई पाया पडायला यायची. या पोरी लाजायच्या, मागे सरायच्या.

भाचीला घाटीत घाला, खामकाठ भाऊ. शिकेल ती.

मुकुंदराज_नगरी

ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला.

अंबाजोगाईचं नाव अजून नीट आलं नाही म्हणून लिहितो. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, १९७४. तालुक्याच्या गावाला सरकारी मेडिकल कॉलेज काढायचं, तेही नावात 'ग्रामीण' घालून, हे त्या काळी धाडसच होतं. आमच्याकडे सगळे 'आशियातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज' म्हणून सांगतात. सेवाग्रामचं कॉलेज १९६९ चं आहे, डॉ. सुशीला नायर यांनी गांधीजींच्या आश्रमाजवळ काढलेलं, आणि तेही ग्रामीणच. तेव्हा पहिलं कोण या वादात मी पडत नाही. सरकारने गावात येऊन कॉलेज काढलं हे मला पुरेसं आहे.

नाव स्वामीजींचं का, हे तरुण पोरांना माहीत नसतं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे ते नेते, पण त्याआधी आमच्या अंबाजोगाईला योगेश्वरीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. निजामाच्या राज्यात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं, तिथे त्यांनी पोरं घडवली. १९७२ ला ते गेले आणि दोनच वर्षांनी त्यांच्या नावाने कॉलेज झालं. १९७४ हेच मराठवाडा विकास आंदोलनाचं साल, परभणीपासून विद्यार्थी रस्त्यावर उतरले, वसमतला गोळीबार झाला. 'आमच्या भागाला आमच्या वाटचं द्या' हे तेव्हा सगळ्या मराठवाड्याच्या तोंडी होतं. कॉलेजची गोष्ट त्या मागणीपासून वेगळी काढून सांगताच येत नाही.

बरीच वर्षं आमच्याकडे एमबीबीएसच्या फक्त ५० जागा होत्या. छोटी बॅच, त्यामुळे प्रत्येक पोराच्या वाट्याला पेशंट भरपूर. केज, धारूर, परळी, रेणापूर, अहमदपूर, सगळीकडून येणारा ऊसतोड कामगार आणि त्याची बायको. आमच्याकडे शिकलेला डॉक्टर बाळंतपणाला घाबरत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

विष्णुपुरी

सगळे चांगलं लिहितायत. मला अवघड बाजूही लिहावी लागेल, कारण मी नांदेडचा आहे.

आमचं कॉलेज १९८८ चं. आधी गावात होतं, आता विष्णुपुरीला मोठा परिसर आहे, डॉ. शंकरराव चव्हाणांचं नाव आहे. किनवट-माहूर, उमरखेड, पलीकडे तेलंगणातलं निजामाबाद-आदिलाबाद, एवढ्या मोठ्या भागाचा शेवटचा आधार. ऑक्टोबर २०२३ ला २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी देशभर गेली. त्यात १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या आठवड्यात नांदेडबाहेरच्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडं माणसं मारतात का?"

मला त्या दिवसांत वाटलेली गोष्ट लिहितो. नवजात बाळांच्या कक्षात येणारं बाळ बऱ्याचदा दुसरीकडून, शेवटच्या तासाला येतं. वजन दीड किलोच्या आत, अंग गार पडलेलं. आईला नऊ महिन्यांत धड तपासणी मिळालेली नसते. खासगी दवाखान्यात पैसे संपले की सरकारीत पाठवतात. एवढ्या सगळ्याचा शेवट एका कक्षात होतो आणि आकडा त्या कक्षाच्या नावावर लागतो. म्हणून चौकशी नको असं मी म्हणणार नाही. चौकशी झालीच पाहिजे. औषधं होती का, माणसं होती का, एका नर्सकडे किती बाळं होती, सगळं बाहेर आलं पाहिजे. ज्या आईचं बाळ गेलं तिला या कारणांनी काय फरक पडतो?

पण नंतर काय झालं ते बघा. त्याच आठवड्यातही ओपीडीची रांग तशीच होती. लोक आले, कारण त्यांना दुसरी जागा नाही. खामकाठ सर, तुम्ही जिला प्रतिष्ठा म्हणता तिच्यात हीही गोष्ट धरा. माणसं विश्वासाने येतात आणि नाइलाजानेही येतात. सरकारी कॉलेजने त्या नाइलाजाचा फायदा घेता कामा नये. माझ्या घरातल्या एका माणसाला एका सरकारी रुग्णालयात औषधं बाहेरून आणायला लावली होती, चिठ्ठीवर चिठ्ठी. ते मी विसरलेलो नाही.

लातूर_पॅटर्न

विष्णुपुरी भाऊ, हे लिहायला पाहिजेच होतं. बरं केलंत.

खामकाठ

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

परळकर, गिरणगावाचा मुद्दा मान्य. घाटी आणि केईएम एकाच प्रकारच्या माणसांच्या खाटांवर मोठी झाली, हे तुम्ही माझ्याहून नेमकं सांगितलंत. भाचीच्या वडिलांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

वैजापूरकर, वडील पेशंटला बातमी सांगत होते, याहून मोठं उद्घाटन कुठलं असणार.

सिस्टरताई, तुमचा प्रतिसाद भाचीने स्वतः वाचला. ट्यूब तिरकी करायच्या आधी हलवली तर काय होतं, असं तिने मला विचारलं. मला सांगता आलं नाही, तुम्ही सांगा.

विष्णुपुरी, तुमचं म्हणणं या धाग्याचा गाभा आहे असं मी समजतो. इमारतीचं मी काही लिहिलं नाही ते याच कारणाने. घाटीत सुपर स्पेशालिटीची नवी इमारत झाली, कर्करोग रुग्णालय झालं आणि बार्शी-मुंबईला न जाता इथे किरणोपचार मिळायला लागले, याचा आनंद आहेच. पण मेडिकल कॉलेज चालतं ते शिकवणाऱ्यांवर. प्राध्यापकाची जागा रिकामी राहिली तर राउंड कोण घेणार? रात्री रेसिडेंटने फोन केला तर उचलणार कोण? गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, मग जालना आणि हिंगोली, अशी सरकारी कॉलेजं निघाली. पाचच जिल्हे आणि एकही कॉलेज नाही, तिथपासून इथवर आलो. मी मनापासून खूश आहे. पण जुन्या कॉलेजातली माणसं नव्या कॉलेजच्या तपासणीपुरती उचलून न्यायची आणि परत आणायची, असं चाललं तर दोन्हीकडचं शिक्षण बुडतं. माणसं कायमची नेमा, वेळेवर नेमा. मराठवाड्याच्या प्रत्येक आमदाराला हे विचारायला हवं.

मुकुंदराज नगरी, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवले. नागपूरला शिकले, मग महाडला जाऊन लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध चालतं हे दाखवून दिलं, १९८६ ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तेही गावच्या दवाखान्यात खाटेशेजारी बसून. मराठवाड्याचं पोर, खेड्यातला पेशंट. तुमच्या कॉलेजमधली पोरं ऊसतोड कामगारांवर असंच काम करू शकतात. त्यांना कुणीतरी हे सुचवा.

सिस्टर_बेगमपुरा

तिला सांगा, हलवली तर गुठळी बनता बनता मोडते, मग रक्त गोठत नाही असं वाटतं आणि गरज नसताना लस दिली जाते. लसीची ॲलर्जी जीवघेणी ठरू शकते, म्हणून शेजारी ॲड्रेनॅलिन भरून ठेवतात. ट्यूब साबणाने धुतलेली असेल तरी उत्तर चुकतं. हे विचारलं म्हणजे पोरगी हुशार आहे.

परभणी_२०२३

मी परभणीच्या सरकारी कॉलेजच्या पहिल्या बॅचचा. इतके दिवस नुसता वाचत होतो.

आम्हाला सीनियर नाहीत. कुठल्या विषयाला कुठलं पुस्तक, प्रॅक्टिकलची जर्नल कशी लिहायची, तोंडी परीक्षेत काय विचारतात, सांगणारं कुणी नाही. घाटी आणि नांदेडच्या ओळखीच्या पोरांकडून नोट्स मागवल्या. आधी वाईट वाटायचं. हा धागा वाचताना लक्षात आलं की १९५६ ला औरंगाबादेत जी पोरं बसली त्यांनाही सीनियर नव्हते, १९७४ ला अंबाजोगाईलाही नव्हते. जुनं वैजापूर काका, त्या पहिल्या बॅचमधलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर त्यांचं लिहून घ्याल का? त्यांना शिकवायला कोण होते, मृतदेह कुठून मिळायचे, वॉर्ड कुठे होता, पहिल्या दिवशी काय झालं. आम्हाला कामाला येईल.

मी पाथरी तालुक्यातला. आमच्याकडं पण औषध पिलेले पेशंट येयलेत आणि सर्पदंश तर पावसाळाभर. सिस्टरताईंची ट्यूबची गोष्ट मी आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकली, सरांनीही वाचली.

आमची बॅच २०२८ ला इंटर्नशिपला लागेल. तेव्हा हा धागा कुणीतरी वर काढा, परभणीचं मी लिहितो.